ऐकत न्हाय

सुपीला शाळंतनं हाकललं तवा मी कांद्याच्या वाफ्यात वाकले हुते. दिवाळी हून गेलेली, कालव्याचं पानी आलेलं, आन वाफ्यातला चिखल असा गार की बोटं लाकडाची झालेली. आय फुडं, मी मागं. येका हातात रोपाची जुडी धरायची, दुसऱ्या हाताच्या आंगठ्यानं रोप चिखलात दाबायचं आन मागं सरकायचं. जरा पाठ सरळ केली की आय न बघताच म्हनायची, "विजे, मोडली का गं कंबर?"

बांधावरनं सुपी येताना दिसली. माजी धाकली बहीन, पयलीला जानारी. गळ्यात दप्तर, नाकाला शेंबूड, आन डाव्या गालावर बोटं उठलेली.

"काय झालं गं?" मी हाळी दिली. ती तशीच चालत राह्यली. मी हुबी राहून हात हालवला तवा कुठं थांबली.

"कुनी मारलं?"

"काय?"

"कुनी मारलं म्हनलं."

"काय?"

तिचं हे 'काय' पावसाळ्यापास्नं चालू हुतं. पावसाळाभर सर्दी वाहत हुती, ती गेली न्हाय आन हे 'काय' मागं लागलं. भाकर खा म्हनलं, काय. शेळी सुटली बघ म्हनलं, काय. आय वैतागून म्हनायची, "ही पोरगी ऐकतच न्हाय." आबा, म्हंजी माजा आजा गेनबा, त्यावर हसायचा. "थोरलीच्या वळनावर गेलीय. ती तरी कुठं ऐकती."

थोरली म्हंजी मी.

सुपी माज्या तोंडाकडं बघत म्हनाली, "गुरुजी म्हनले, आयला घिऊन ये."

आय वाकल्यालीच हुती. "पान्याची पाळी सोडून मी शाळंत जाऊ? आज पानी गेलं तर फुडली पाळी कवा यील? विजे, तू जा."

आन्ना, म्हंजी माजा बाप, असता तर तो गेला असता. पन दिवाळी झाली की आन्ना मेंढरं घिऊन खाली कोकनात उतरतो, ते पाऊस जवळ आला की येतो. घरात मानूस म्हंजी आबा, आन आबाला शाळंची पायरी बी ठावं न्हाय.

"मी न्हाय जायची त्या शाळंत," मी म्हनलं.

"का? छडी मोडताना बरं पाऊल पडलं."

आता हे आयनं काढायचं काय कारन हुतं. सातवीत असताना रनवरे गुरुजींनी माज्या तळव्यावर छडी वढली. दुसऱ्यांदा वढाया लागले तवा मी ती धरली, गुडघ्यावर मोडली आन जाता जाता कालव्यात टाकली. त्यानंतर मी शाळंकडं बघितलं न्हाय.

पन सुपीच्या गालाकडं बघितलं आन जुडी टाकून निघाले.

वर्गाच्या दारात गुरुजींनी मला पायापास्नं बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखल वाळत आलेला.

"आत नको. तिथूनच बोल. वर्ग सारवायला बाई ठेवली नाही मी." मग पोरांकडं बघून म्हनले, "विजयमाला, नवीन छडी आणलीस का?"

पोरं फिदीफिदी हसली. त्यातलं निम्मं तर माज्या कडंवर खेळल्यालं.

"माज्या बहिनीला का मारलं?"

"चार हाका मारल्या. ऐकत नाही. मी पाढे सांगतो, ही खिडकीकडं बघती. हजेरी घेतो, ही बसून राहती. एक तर मंद आहे, नाहीतर बहिरी. बहिरी असंल तर बहिऱ्यांच्या शाळेत घाला. मंद असंल तर मेंढरामागं घाला. माझ्या वर्गात बाकीची पोरं आहेत."

"मंद न्हाय ती."

"ते तू ठरवणार? सातवी नापास?"

"नापास न्हाय. बसलेच न्हाय मी परीक्षंला."

"तेच ते. संक्रांतीपर्यंत बघतो. सुधारली तर बरं. नाहीतर नाव काढून घेऊन जा."

परत येताना मी मुद्दाम सुपीच्या मागं राह्यले. हळू म्हनलं, "सुपे, गूळ घे." ती चालतच राह्यली. जरा मोठ्यानं म्हनलं. न्हाय. मग वरडून म्हनलं, तशी गर्रकन वळली आन हात फुडं केला. "दे."

गूळ नव्हताच माज्याकडं. तितंच कालव्याच्या पुलावर माजं टाळकं हाललं. आमी समदी पावसाळ्यापास्नं म्हनत हुतो, ऐकत न्हाय, ऐकत न्हाय. आन खरंच तिला ऐकूच येत नव्हतं. मी सुदीक दोनदा तिला थोतरलं हुतं, ऐकत न्हाय म्हनून.

दुसऱ्या दिवशी आबा सुपीला चौकातल्या डाक्टरकडं घिऊन गेला. डाक्टरनी कानात बत्ती मारली आन म्हनले, "कानात पाणी झालंय." लाल औशिदाची बाटली दिली. झालं तपासून.

आबा ते वाक्य घिऊन घरी आला, आन घरात आग लागली.

"कानात पानी," आय माज्याकडं बघत म्हनाली. "ऐकलंस का? कानात पानी गेलंय. कालव्याला कोन नेत हुतं तिला?"

मीच नेत हुते. वाळका भोपळा पाठीला बांधून मीच सुपीला पवायला शिकवलं हुतं. ती बेडकासारकी पाय मारायची आन मी काठावर हुबी राहून हसायची.

"कानानं बुडवलीस पोरगी," आय म्हनाली. हातात गोनपाटाची वली दोरी हुती, तीच पाठीवर बसली. मी मार चुकवला न्हाय. मला बी वाटलं, मीच केलं असंल.

मग आबानं चुलीच्या तोंडाला चापट दगड तापवला. हिरीत पवून आलं की आमी पोरं असाच तापला दगड कानाला लावतो आन येका पायावर उड्या मारतो. कानातलं पानी गरम हून भायेर येतं, मग कान मोकळा हुतो. आबानं दगड फडक्यात गुंडाळून सुपीच्या कानाला लावला. "मार उड्या."

"काय?"

आबानं सोता येका पायावर उडून दाखवलं. धोतराचा सोगा धरून म्हातारा अंगनात उडतोय, आन त्याच्याकडं बघत सुपी उडती. हा कान, मग तो कान. कानाची पाळी लालबुंद झाली. थेंब काय आला न्हाय. सुपी रडाया लागली तरी आबा म्हनतोय, "आजून चार मार."

संध्याकाळी आयनं लसूण घालून तेल कडवलं आन कानात वतलं. त्या दिवशी सुपी आशी किचाळली की शेजारच्या चंद्राबाई कुडावरनं डोकावल्या. "काय गं सारजा, पोरगी मारतीस का काय?"

"कानात पानी गेलंय तिच्या."

"कालव्याचं का हिरीचं?"

"कालव्याचं. हिनं नेलं हुतं," आन बोट माज्याकडं.

दोन दिसात समद्या वस्तीला कळलं, की विजीनं बहिनीचे कान बुडवले.

औशिद मात्र आय येळच्या येळी पाजायची. लाल, गोड. सुपी ते आवडीनं प्यायची आन मग झोपायची. जेवता जेवता कालवनात नाक जायचं तिचं. शेळ्यांमागं गेली तर बांधावर झोपायची. बाटली सपली, आबानं दुसरी आनली. नाक जरा कोरडं पडलं, पन 'काय' तसंच. आन शाळंतनं पुन्हा सांगावा आला, की आता ही वर्गात घोरती सुदीक.

"औशिद लागू पडतंय," आय म्हनाली. "झोप चांगली लागती."

"झोप लागती, पन ऐकू येतंय का?" मी इचारलं. "मी बघती की रोज. बाटली प्यायली की झोप, उठली की काय. ह्यात कान कुठं आला?"

"तू डाक्टर हायस?"

"डोळं हायत मला."

"त्वांड बी हाय. तेच जास्त हाय," आय म्हनाली.

आबाला बोकड विकायचा हुता. बारामतीच्या बाजाराला टेम्पो निघाला, आबा बोकड घिऊन मागं बसला, आन मी सुपीला उचलून त्याच्या शेजारी टाकली, मागनं मी चढले.

"तुमी कुठं?"

"बारामतीला. कानाच्या डाक्टरकडं."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता."

आबा रस्ताभर बोकडाचं शिंग धरून बसला. उसाच्या गाड्या आडव्या आल्या की टेम्पो थांबायचा, आन भोंग्यानं मी दचकायची, बोकड दचकायचा. सुपी मात्र दोघांकडं बघून हसायची. कशाला दचकताय तेच तिला कळायचं न्हाय. आबा ते बघत हुता. त्यानं पयल्यांदाच नीट बघितलं.

बोकड लगीच गेला. मग आबा आमच्या मागनं आला.

कानाची डाक्टर बाई हुती. तिनं सुपीला आबाच्या मांडीवर बसवलं आन नळीनं दोन्ही कान बघितले. मग लोखंडाचा दोन पायाचा चिमटा गुडघ्यावर आपटून कानाजवळ धरला. सुपी माज्याकडं बघत बसली. मग बाईनं त्याच चिमट्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं.

सुपीचं डोळं मोठं झालं. "आक्का, भुंगा," ती म्हनाली. "डोक्यात भुंगा हाय."

डाक्टरीन हसली. "आतली नस चांगली आहे. हाडातून आवाज पोचतो. पडद्याच्या आत पाणी साठलंय, म्हणून हवेतून पोचत नाही. भिंतीपलीकडून बोलल्यासारखं ऐकू येतं तिला."

आबा फुडं सरकला. "बाय, ते कालव्याचं पानी. ही थोरली हाय ना, ही तिला पवायला नेत हुती."

"आजोबा, कानाला पडदा असतो. हिचा धड आहे. बाहेरचं पाणी त्याच्या आत जात नाही. हे पाणी सर्दीचं. नाकामागून कानाला एक नळी जाते, ती सर्दीनं बसली की आत पाणी धरतं. कालव्याचा काही संबंध नाही."

मी आबाकडं बघितलं. "आबा, ऐकलं का?"

"ऐकलं," आबा म्हनाला.

"परत सांगू का, का दगड तापवू?"

"गप बस गं, बाईम्होरं."

मी कनवटीची लाल औशिदाची रिकामी बाटली काढून टेबलावर ठिवली. डाक्टरिनीनं वाचली. "हे किती दिवस देताय? बंद करा. ह्यानं झोप येते, कानातलं पाणी निघत नाही. तेल घालता का?"

आमी दोघांनी खाली बघितलं.

"तेल नको, दगड नको, काही नको. आणि चुलीच्या धुरात बसवू नका."

"मग औशिद कुठलं?" मी इचारलं.

"औषध नाही."

मला वाटलं, मला बी कमी ऐकू आलं.

"बहुतेक मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं. दोन-तीन महिने जातात. तोपर्यंत तिच्या समोर येऊन बोला, शाळेत पुढं बसवा. संक्रांत झाली की परत आणा. नाहीच ओसरलं तर पडद्याला बारीक भोक पाडून नळी बसवू, तेव्हाचं तेव्हा."

माजं टाळकं सरकलं. "म्हंजी बसून राहायचं? चौकातला डाक्टर बाटली तरी देतो. आमी येवढ्या लांबनं आलो, तर तुमी हात हालवत पाठवताय. तिचं नाव काढनार हायत शाळंतनं संक्रांतीला. तवर पानी बघत बसू?"

डाक्टरीन रागावली न्हाय. चिमटा पुसत म्हनाली, "बाटली दिली असती तर तू खूश होऊन गेली असतीस. आणि ही परत वर्गात झोपली असती. शाळेचं औषध माझ्याकडं नाही. ते तुमच्याकडंच असंल तर बघा."

येताना टेम्पोत सुपी माज्या मांडीत बसली हुती. माजी हनवटी तिच्या टाळूवर टेकली हुती. रागारागानं मी पुटपुटत हुते, "आली मोठी शानी. औशिद न्हाय म्हनं."

"कोन शानी?" सुपीनं इचारलं.

मी हालले न्हाय. हनवटी तशीच टेकवून हळू म्हनलं, "सुपे, गूळ घे."

तिनं मागं न बघता हात वर केला. "दे."

घरी आल्यावर आय म्हनाली, "औशिद?"

"न्हाय दिलं."

"न्हाय दिलं? मग काय दिलं?"

"दम धरा म्हनली," आबा म्हनाला.

"दम धराया बारामतीला कशाला जावं लागतंय?" चंद्राबाई कुडावरनं म्हनाल्या.

आयनं कोनाड्यातली दुसरी लाल बाटली घेतली. सुपीला जवळ वढलं. "डाक्टरीन काय बी म्हनू दे. कायतरी दिल्याबिगर बरं कसं हुईल?"

मी बाटली हिसकली आन अंगनात जाऊन खताच्या खड्ड्यावर उलटी केली. लाल धार पडताना आय नुसती बघत राह्यली. मग दोरीकडं हात गेला.

"मार," मी म्हनलं. "मागल्या बारी कालव्यापायी खाल्ला, तो फुकट गेला. तो वळता करून घे."

"सारजे, दोरी ठिव," आबा वट्ट्यावरनं म्हनाला. "माज्या म्होरं झालंय समदं. कालवा न्हाय तिच्या कानात." मग म्हनाला, "दगड बी माजाच चुकला."

आयनं दोरी ठिवली. पन मला म्हनाली, "कांदा आर्धा राह्यलाय, आन तू काय करनार हायस?"

"शाळंत जानार हाय."

फाटंच वाफ्यात बसायचं, उन्हं वर आली की पाय धुवायचे आन सुपीला घिऊन निघायचं. पयल्या दिवशी मी पयलीच्या वर्गात शिरले, पयल्या बस्करपट्टीवर सुपीला बसवलं आन तिच्या मागं मांडी घालून बसले. माजं गुडघं दोन्हीकडच्या पोरांच्या मांडीवर.

रनवरे गुरुजी हजेरीतनं वर बघून म्हनले, "हे काय?"

"हिला ऐकू कमी येतंय. तुमी बोला, मी तिला सांगती."

"हा पहिलीचा वर्ग आहे."

"मला पयली येती, गुरुजी. भ्या न्हाय."

"बाहेर हो."

"न्हाय."

"विजयमाला, तुझं नाव ह्या शाळेच्या पटावर नाही."

"माजं नका घिऊ. हिचं घ्या. तुमी हाक मारा, ती हजर म्हनंल."

गुरुजींनी छडीकडं बघितलं. मी बी बघितलं. मग ते फळ्याकडं वळले.

मी हनवटी सुपीच्या टाळूवर टेकवली. गुरुजी म्हनले बे एके बे, मी तिच्या टाळूत म्हनलं बे एके बे. गुरुजी म्हनले कमळ, मी म्हनलं कमळ. तिच्या केसाला खोबरेल आन धुराचा वास यायचा. दोन दिस पोरं हसली. मला घोडी म्हनली. त्यातल्या येकाचा कान मी मधल्या सुट्टीत पिळला, "तुज्या बी कानात पानी करू का," म्हनून, मग ती गप झाली. पाय मुंग्या येऊन मरायचे. वस्तीवरच्या बाया हिरीवर इचारायच्या, "काय विजे, पास झाली का पयली?" मी म्हनायची, "तुमी या की, तुमाला बी बसवते."

तिकडं आय येकटी कांदा खुरपायची. आबा जाऊन बांधावर बसायचा आन पानी वळवून तिला वाफा धरू लागायचा. आमच्या घरात आबानं वाफा धरल्याला मी कवा बघितला नव्हता. चूल आयनं आपनहून कुडाभायेर मांडली. म्हनाली, "हितं उजेड बरा पडतो."

मधी सुपीला दोन दिस बरं ऐकू यायचं, पुन्हा सर्दी व्हायची, पुन्हा 'काय'. मी रागानं आबाला म्हनायची, आपुन भोक पाडून घिऊया. आबा म्हनायचा, "संक्रांत म्हनलीय ना बाय. दम धर." येकदा आमी उसाच्या कडंनं जात हुतो, सुपी थांबली आन म्हनाली, "आक्का, कोन कुजबुजतंय?" कुनीच नव्हतं. वाऱ्यानं पाचट वाजत हुतं. मी तिला तसंच ऐकू दिलं. बोललं तर जाईल वाटलं.

संक्रांत तोंडावर आली. गुरुजी म्हनले, "आज हिची परीक्षा घेतो. तू दारात जाऊन उभी राहा."

"मी हितंच बसती."

"हिला येतंय का तुला येतंय, ते कळायला नको? दारात जा."

मी सुपीकडं बघितलं. ती म्हनाली, "जा की."

मी दारात हुबी राह्यले. पयल्या दिवशी चिखलाच्या पायानं राह्यले हुते तितंच. चौकट घट्ट धरली. गुरुजी सुपीच्या मागं गेले. पोरांना गप केलं. तोंडाम्होरं हजेरीचं पुस्तक धरलं आन रोजच्यापरास हळू म्हनले, "बे सक."

सुपी फळ्याकडं बघत हुती. जरा येळ गेला. माज्या तोंडात उत्तर आलं, ते मी दातानं धरलं.

"बारा," सुपी म्हनाली.

"बे नव्वे."

"अठरा."

गुरुजी आजून येक पाऊल मागं सरले. आजून हळू. मला दारात निम्मंच ऐकू आलं. "कमळातला क काढला तर?"

"मळ." मग ती गर्रकन वळली आन म्हनाली, "गुरुजी, तुमचं पोट वाजतंय."

वर्ग आसा फुटला की गुरुजींच्या हातातलं पुस्तक खाली आलं. त्यांनी पोटावर हात ठिवला. खरंच वाजत असंल, दुपार झाली हुती.

"गप बसा," ते म्हनले. मग हजेरी उघडली, सुपीच्या नावावर बोट ठिवलं, आन मिटली. "राहू दे नाव." माज्याकडं न बघताच म्हनले, "तू जा आता. झालं तुझं काम."

मी आत आले आन माज्या जागंवर मांडी घालून बसले. सर्दीचं दिस सपले नव्हते. उद्या पुन्हा 'काय' झालं तर. सुपीच्या टाळूवर हनवटी टेकवली आन सवयीनं जोरात म्हनलं, "बे दाही ईस."

"आक्का, हळू बोल की," सुपी डोकं काढून घेत म्हनाली. "मला ऐकू येतंय."

गुरुजी छडी टेबलावर वाजवत म्हनले, "विजयमाला, जा म्हणालो ना घरी. ऐकत नाहीस का?"

"ती ऐकती, गुरुजी," मी म्हनलं. "मी न्हाय ऐकत."